आल्डेनच्या राजकन्येची अंधारकोठडी

"इंग्लंडच्या राजाने आपल्या राणीला ३२ वर्षं अंधारकोठडीत डांबलं. तिचा गुन्हा? तिने प्रेम केलं. राजाने तिच्या प्रियकराचा स्वतःच्या हाताने खून केला आणि व्यभिचाराचा ठपका ठेवून तिला कैद केलं. मरताना तिने शाप दिला आणि चार आठवड्यांत राजाही मेला!"

सोफिया डोरोथेयाची गोष्ट अशी चार ओळींत, मागे व्हायोलिन लावून फिरत असते. बाई खरी आहे, तिची कैदही खरी आहे. बाकी जवळपास प्रत्येक वाक्यात गडबड आहे.

राणी तर ती कधीच नव्हती. १६९४ मध्ये काडीमोड झाला तेव्हा तिचा नवरा गेओर्ग लुडविग हा जर्मनीतल्या हॅनोव्हर संस्थानाचा युवराज होता. 'पहिला जॉर्ज' म्हणून तो ब्रिटनच्या गादीवर बसला १७१४ मध्ये. तोवर घटस्फोटाला वीस वर्षं होत आली होती.

लग्न कसं ठरलं हे फॉरवर्ड सांगतच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग घराण्यातल्या भावांपैकी दोघांची ही गोष्ट: त्सेलेचा गेओर्ग विल्हेल्म आणि धाकटा एर्न्स्ट ऑगस्ट. थोरल्याचं लग्न पॅलेटिनेटच्या सोफीशी ठरलं होतं. ऐनवेळी त्याने कच खाल्ली आणि ती सोयरीक धाकट्याच्या गळ्यात घातली. १६५८ मध्ये धाकट्याचं लग्न झालं. मोबदला म्हणून थोरल्याने लिहून दिलं की मी लग्नच करणार नाही, माझं राज्य पुढे तुझ्या मुलांचं. मग हाच थोरला एलेओनोर या फ्रेंच ह्यूगेनॉ (प्रोटेस्टंट) घरातल्या मुलीच्या प्रेमात पडला, १६६६ मध्ये सोफिया डोरोथेया जन्मली, आणि १६७६ मध्ये त्याने एलेओनोरशी रीतसर लग्नही केलं. धाकट्याच्या पोटात गोळा आला. ही मुलगी उद्या तिसऱ्याच घरात गेली, तर वाटणीत तो जावई नाक खुपसणार.

तोडगा एकच होता. नोव्हेंबर १६८२ मध्ये १६ वर्षांच्या सोफिया डोरोथेयाचं लग्न धाकट्याच्या २२ वर्षांच्या मुलाशी, गेओर्ग लुडविगशी, म्हणजे सख्ख्या चुलतभावाशी, लावलं गेलं. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, चुलत बहीण म्हटलं की कानावर हात जातात. तिथे इस्टेट एकत्र राहते म्हटल्यावर सगळं चाललं. आपली भाऊबंदकी कोर्टात जाते, त्यांनी ती मांडवात मिटवली. आणि सासू कोण, तर तिच्या वडिलांनी एकेकाळी नाकारलेली तीच सोफी! त्या घरात सुनेचं कौतुक कितपत झालं असेल, ते सांगायला नको.

दोन मुलं झाली, १६८३ मध्ये मुलगा आणि १६८७ मध्ये मुलगी. पुढे नवरा मेलुझिने फॉन डर शुलेनबुर्गमध्ये गुंतला आणि तिच्यापासून त्याला तीन मुली झाल्या. नवरा चांगला होता असं मी म्हणत नाही. पण एकट्या त्याला खलनायक केलं की सोयरीक जुळवणारे दोघे भाऊ अलगद सुटतात.

आता खून. फिलिप क्रिस्टोफ फॉन कोनिग्समार्क हा स्वीडिश काउंट, म्हणजे तिचा प्रियकर, हॅनोव्हरच्या सैन्यात होता. जुलै १६९४ मधल्या एका रात्री तो लाइन नदीकाठच्या राजवाड्यात गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. "राजाने स्वतःच्या हाताने" म्हणावं तर गेओर्ग लुडविग त्या दिवसांत बहिणीकडे बर्लिनला होता. संशय दरबारातल्या चौघांवर आहे. त्यांतल्या मोंताल्बानो नावाच्या इटालियनाला १,५०,००० थालर (तेव्हाची चांदीची नाणी) मिळाल्याचा उल्लेख इतिहासकार करतात. सर्वांत वरच्या मंत्र्याच्या वार्षिक पगाराच्या सुमारे शंभरपट ही रक्कम. एवढा पैसा युवराजाच्या खिशातून येत नाही. तिजोरी सासऱ्याच्या, एर्न्स्ट ऑगस्टच्या, हातात होती. सासऱ्याची रखेल काउंटेस प्लाटेन हिने मत्सरापोटी हे घडवलं, ही दुसरी लोकप्रिय कथा. तिचा प्रसार करण्यात वोल्फेनब्युटेलच्या ड्यूकच्या अवाढव्य कादंबरीचा मोठा वाटा आहे. हॅनोव्हरशी त्याचं हाडवैर होतं, तेव्हा त्याची साक्ष जरा जपूनच घ्यावी. मृतदेह आजवर सापडलेला नाही. (भावाचा शोध घ्यायला त्याची बहीण अरोरा सॅक्सनीच्या इलेक्टरकडे, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाकडे, गेली आणि त्याचीच प्रेयसी झाली. ती वेगळीच गोष्ट.)

"व्यभिचाराचा ठपका ठेवून" हे वाक्य सर्वांत जास्त खरं वाटतं, आणि तेच चूक आहे. डिसेंबर १६९४ च्या निकालात व्यभिचार हा शब्दच येत नाही. कारण दिलंय ते पत्नीने पतीचा त्याग केल्याचं, म्हणजे ती नांदायला तयार नाही, म्हणून दोषी तीच. पुन्हा लग्नाची परवानगी त्याला मिळाली, तिला नाही. व्यभिचार लिहिला असता, तर कोणाशी हा प्रश्न आला असता, आणि तो गेला कुठे हाही. शिवाय दोन मुलांच्या जन्माबद्दल कुजबुज झाली असती. कागद कसा स्वच्छ ठेवायचा, हे दरबारी वकिलांना पक्कं ठाऊक होतं.

पण त्या कागदात एक गोष्ट खरी होती: तिला नांदायचंच नव्हतं. परत जा म्हणून समजावलं तरी ती बधली नाही. तिची आणि कोनिग्समार्कची शेकडो पत्रं उरली आहेत, बरीचशी स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि काही बर्लिनमध्ये. नावांच्या जागी आकडे घालून, सांकेतिक भाषेत लिहिलेली. एकेकाळी तिच्या कैवाऱ्यांनीच ती बनावट ठरवायचा प्रयत्न केला, कारण त्यांना निष्कलंक देवी हवी होती. अक्षर ताडून पाहिल्यावर ती खरी निघाली. पळून जायचे बेत त्यांत आहेत, चिडचिड आहे, संशय आहे. व्हायोलिन लावलेल्या त्या गरीब गाईपेक्षा ही बाई मला जास्त आवडते.

आणि अंधारकोठडी? आल्डेन हे आल्लर नदीजवळचं, खंदक असलेलं वाड्यासारखं घर. १६९५ पासून ती तिथे होती. नोकरचाकर, वार्षिक तनखा, 'आल्डेनची डचेस' हा किताब, सगळं होतं. पुढे पहाऱ्यात घोडागाडीतून ठरलेल्या हद्दीपर्यंत जाता येई. आई भेटायला येऊ शके. मुलं मात्र पुन्हा कधीच भेटली नाहीत. १६९८ मध्ये सासरा वारला तेव्हा तिने नवऱ्याला पत्र लिहून मुलांना भेटू देण्याची विनवणी केली. उपयोग झाला नाही. या बंदोबस्ताला तिच्या वडिलांचीही संमती होती, आणि १७०५ मध्ये मरेपर्यंत ते लेकीला भेटले नाहीत. माहेरच बंद झाल्यावर कोठडी कशाला लागते?

किल्ल्यात खरोखर डांबलं गेलं ते दुसऱ्याच बाईला. सोफिया डोरोथेयाची सखी एलेओनोर फॉन डेम क्नेसेबेक हिला हार्त्स डोंगरातल्या शार्त्सफेल्स किल्ल्यात ठेवलं, तेही खटल्याशिवाय. तिने खोलीच्या भिंतींवर आणि दारांवर कोळशाने आपली कैफियत लिहिली, आणि १६९७ मध्ये छप्पर शाकारणाऱ्या एका कारागिराच्या मदतीने ती छपरातून निसटली. हिच्यावर फॉरवर्ड नाही. ती राजकन्या नव्हती ना!

उरला शाप. सोफिया डोरोथेया १३ नोव्हेंबर १७२६ रोजी वारली. पहिल्या जॉर्जने लंडनमध्ये आणि हॅनोव्हरमध्ये सुतक पाळायला मनाई केली, आणि बर्लिनमध्ये प्रशियाची राणी असलेल्या मुलीच्या दरबाराने काळे कपडे घातले म्हणून तो भडकला. शवपेटीचं काय करायचं याचा हुकूम पहारेकऱ्यांकडे नव्हता, म्हणून ती तळघरात ठेवली. मग आल्डेनमध्येच पुरण्याचा आदेश आला, पण पावसाने जमीन इतकी भिजलेली की खड्डा धरेना. शेवटी मे १७२७ मध्ये रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता, ती पेटी त्सेलेच्या चर्चमध्ये तिच्या आईवडिलांशेजारी ठेवली गेली. २२ जून १७२७ रोजी हॅनोव्हरकडे निघालेला राजा वाटेत झटका येऊन ओस्नाब्र्युकला मेला. त्याच्या बग्गीत कोणी तिचं शापपत्र टाकलं, ही नंतरची दंतकथा. तिच्या मृत्यूला तेव्हा सात महिने उलटून गेले होते. ते चार आठवडे आहेत तिच्या दफनापासूनचे.