नवाहोंच्या मधुमेहाचं खापर जनुकांवर फोडू नका

अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी जमातीत मधुमेह इतका का, असं विचारलं की बरेच जण 'त्यांची जनुकंच तशी' म्हणून मोकळे होतात. उत्तर अर्धवट आहे, आणि त्यावर बेतलेले उपाय फसतात.

१९९१-९२च्या पाहणीत विशीपुढच्या नवाहोंपैकी सुमारे २३ टक्के मधुमेही निघाले. पंचेचाळिशीपुढे तर ४० टक्क्यांहून जास्त. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना आजाराचा पत्ताच नव्हता. पण १९३०-४०च्या सुमारास नवाहोंच्याच मुलखातल्या गनाडो गावच्या इस्पितळात मधुमेही क्वचितच यायचा. दोन-तीन पिढ्यांत जनुकं बदलत नसतात. ॲरिझोना राज्यातल्या पिमा जमातीत ३८ टक्के मधुमेह, आणि मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्या त्यांच्या भाईबंदांत जेमतेम ७!

बदललं ते जगणं. १८६४मध्ये लष्कराने नवाहोंना पायी हाकत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं आणि अनोळखी पिठाचा शिधा हातावर ठेवला. १८६८च्या तहाने ते घरी परतले. मग १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबवायची म्हणून सरकारने त्यांच्या शेळ्यामेंढ्यांचे कळप सक्तीने कमी केले. मटण गेलं, दूध गेलं, कळपामागची रोजची पायपीट गेली. पुढे सरकारी वाटपातून मैदा, चरबी, साखर येत राहिली. त्या मैद्याच्या तळलेल्या रोटीला, म्हणजे फ्रायब्रेडला, नावं ठेवण्याआधी हा क्रम लक्षात घ्या.

आजही महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढ्या त्यांच्या मुलखात भाजीपाला मिळणारी मोठी दुकानं डझनभरच. सुमारे ३० टक्के घरांत नळ नाही. पाणी पिकअपमधून वाहून आणायचं. काही विहिरींत युरेनियम आणि आर्सेनिक. अशा घराला 'कोल्ड्रिंक सोडा, पाणी प्या' सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं.

२०१५पासून नवाहो नेशनने, म्हणजे नवाहोंच्या स्वतःच्या सरकारने, जंक फूडवर २ टक्के जादा कर लावला. ताजी फळं-भाज्या त्याआधीच विक्रीकरातून वगळल्या होत्या. दोन डॉलरच्या बाटलीवर चार सेंटने कोणी थांबणार नाही. खरा फायदा वेगळा: तो पैसा ११० चॅप्टरांकडे, म्हणजे स्थानिक पंचायतींकडे, आरोग्याच्या कामांसाठी जातो. म्हणून हा कर मला पटतो.

उपचारही घर बघून हवेत. वीज नसलेल्या घरी महिन्यांचा इन्सुलिनचा साठा देऊ नये. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात घेतलेलं, ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालतं. बर्फाला थेट टेकवलं आणि गोठलं, तर वितळल्यावरही फेकायचंच. उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तरी वाया. बोटाच्या रक्तातून शुगर तपासताना बोटाला गोड काही लागलेलं असेल तर शुगर खोटी जास्त दिसते. हात धुवायला पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा तपासावा. बिनानळाच्या घरात ही बाब किरकोळ नाही, कारण त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरतो.

काय केलं की फरक पडतो, हेही दिसलंय. १९९७मध्ये अमेरिकी काँग्रेसने आदिवासींसाठी मधुमेहाचा खास निधी सुरू केला. लघवीतल्या अल्ब्युमिनची (किडनी बिघडू लागली की लघवीत उतरणाऱ्या प्रथिनाची) नियमित तपासणी, किडनी जपणारी रक्तदाबाची औषधं आणि घरी जाऊन पाठपुरावा यांवर जोर राहिला. १९९६ ते २०१३मध्ये अमेरिकेतल्या मूलनिवासींत मधुमेहाने किडनी निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. जनुकं तीच होती! तरीही या निधीची मुदत थोड्याथोड्या काळापुरतीच वाढवली जाते. पुढच्या वर्षी पगार मिळेल की नाही हे माहीत नसलेली नर्स दुर्गम वस्तीत कशी टिकेल? हा निधी कायमचा करा, आणि त्याच्या जोडीने नळ टाका.