खुलासा: बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात

‘बदकांसोबत ठेवलेल्या कोंबड्या हमखास मरतात’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. दोघं छान नांदतात. घोळ घालतं ते पाणी. बदक चोच बुडवतं, मान झटकतं आणि रात्रीत भुशाचा चिखल करतं. त्या ओलीत कोंबड्यांचा कॉक्सिडिओसिस, म्हणजे परजीवींमुळे होणारा आतड्यांचा रोग, फोफावतो. खापर मात्र बदकावर! रात्री पाणी बाहेर ठेवा, सोबत खाद्यही, कारण पाण्याविना कोरडं खाद्य बदकाच्या घशात अडकतं.

बदकाच्या पिल्लांना नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) जास्त लागतं, किलो खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम. कमी पडलं तर पाय वाकतात. बर्ड फ्लूची भीती मात्र पोकळ नाही: बदक लक्षणं न दाखवताही विषाणू बाळगू शकतं. आणि नर बदक कोंबड्यांवर चढू लागला, तर त्याला वेगळा काढा. ती इजा जिवावर बेतू शकते.