गोन्सालो दुभाषा

वसईत संत गोन्सालो गार्सियाचं नाव ऐकलं नाही असं ख्रिस्ती घर नसेल. गासच्या चर्चला त्याचं नाव, वसईतल्या कॉलेजला त्याचं नाव. भारतात जन्मलेला पहिला संत, जपानमध्ये क्रुसावर चढवलेला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला, एवढं धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या लहान पोरांनाही पाठ असतं. मला मात्र त्याच्या मरणापेक्षा त्याचं काम जास्त जवळचं वाटतं. गोन्सालो दुभाषा होता.

जन्म १५५७च्या आसपासचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांच्या हाताखाली शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने आपलीशी केली. धर्मशिक्षक म्हणून कितीतरी वर्षं राबला. आपल्यालाही त्यांच्या संघात घ्यावं एवढीच त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही.

इथे मी दरवेळी थांबते. आयुष्यातली उमेदीची वर्षं ज्यांच्यासाठी दिली, त्यांनीच दार उघडलं नाही. मग तो व्यापारात पडला आणि त्यात त्याचा जमही बसला. पैसा होता, ओळखी होत्या, भाषा येत होती. तिथेच सुखाने म्हातारा झाला असता तर कोण नावं ठेवणार होतं? पण तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाला. फादर नाही, ब्रदर. ब्रदर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करत नाही, पापस्वीकार ऐकत नाही.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता या फादरांबरोबर तो पुन्हा जपानला गेला, तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात दुभाषा म्हणून. म्हणणं फादरांचं, शब्द गोन्सालोचे. क्योतोत या मंडळींनी चर्च उभारलं, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ला २६ जणांना क्रुसावर ठार मारलं. त्यातले १७ साधे जपानी प्रापंचिक होते. कोणी स्वयंपाकी, कोणी सुतार. लुईस नावाचा मुलगा तर बारा वर्षांचा होता.

मी हे का लिहितेय? सतरा वर्षं मी ऑफिसात दुसऱ्यांनी मांडायची प्रेझेंटेशन्स बनवते. आकडे माझे, वाक्यं माझी, उभं राहून बोलणार दुसरं कोणी. मागे एका मोठ्या कामात शेवटच्या आभाराच्या पानावरही माझं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी विरार लोकलमध्ये भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत डोळे पुसत होते. गोन्सालो आठवला तो तेव्हा. अन्याय मुकाट्याने सोसावा असं मी म्हणत नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. पण डावललं गेल्याची कडवट चव त्याने आयुष्यभर तोंडात धरून ठेवली नाही, याचा मला त्या दिवशी फार आधार झाला.

ऑफिसात कोणी कोणाचा धर्म विचारत नाही, हे मला मनापासून आवडतं. देवाला न मानणारी माझी मैत्रीण माझ्या आजारपणात रोज डबा घेऊन यायची. तेव्हा जग निधर्मी झालं म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. मला सलतं ते वेगळंच. दिसलं तरच केलं, फोटो आला तरच झालं, असं आपण सगळेच मानायला लागलोय. आपले धर्मग्रामही, एकेका चर्चभोवतालचे आपले समाज, त्यातून सुटलेले नाहीत. सणाच्या बॅनरवर देणगीदारांचे चेहरे संतापेक्षा मोठे असतात, हे आपण रोज बघतो. अशा वेळी दुसऱ्याचं म्हणणं प्रामाणिकपणे पोचवण्यात आयुष्य घालवणारा माणूस आपल्याच मातीत जन्मला होता, हे पोरांना सांगायला नको का? नुसतं 'पहिला भारतीय संत' सांगून ती परीक्षेत पास होतील. तो ब्रदर होता, त्याला नकार मिळाला होता, आणि तरी तो परत गेला, हेही सांगू या.

माझी मावशी तीस वर्षं चर्चमधली वेदीवरची कापडं धुते. गेल्या शनिवारी तिचं मनगट दुखत होतं म्हणून मी मदतीला बसले. वेदीवर प्रभुभोजनाच्या पेल्याखाली अंथरतात ते चौकोनी पांढरं कापड तिने आधी नुसत्या पाण्यात भिजवलं. साबण नंतर. मिस्सेत अर्पण केलेली भाकर आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो, त्याचा एखादा कण त्यावर राहिला असेल म्हणून. धुऊन, वाळवून, इस्त्री करून तिने त्याच्या दोन घड्या उभ्या घातल्या, दोन आडव्या. रविवारच्या मिस्सेत ते उलगडतं तेव्हा त्याच्यावर नऊ चौकोन दिसतात. इतकी वर्षं मी ते बघत आले आणि ते कोण घालतं, असं कधी मनातही आलं नाही.

मी पहिल्या भिजवणीची बादली उचलून मोरीकडे निघाले, तशी ती घाईने उठली. "मोरीत नको गं, हे पाणी मातीतच जायला हवं." आणि दुखऱ्या हाताने बादली घेऊन तिने ते अंगणातल्या चाफ्याच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं.