आईची रबरी चप्पल

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

दुपारी पुतण्याच्या वाढदिवसाचा केक ओव्हनमध्ये होता, शेजारी हॉबवर, म्हणजे विजेच्या शेगडीवर, वरण. अन् जळक्या प्लास्टिकचा वास! ओव्हन ओढून पाहिला तर मागच्या सॉकेटचं तोंड तपकिरी, पिन आत चिकटलेली. स्विचही ओव्हनच्याच मागे. पळत जाऊन मेन पाडला.

थंड झाल्यावर बोर्ड उघडला. ओव्हन 3000 वॅटचा, हॉब 3500 चा, अन् हॉबची वायर त्याच सॉकेटच्या स्क्रूमधून पुढे ओढलेली. मागून येणारी वायर एकच, अडीच एमएमची. 6500 ला 230 नं भागा, 28 ॲम्पिअर येतात. दहावीच्या पोट्ट्याला जमते एवढं गणित. ती वायर विसेक ॲम्पिअरची धनी. आधी एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, 20 चा होता, सारखा पडून राहिला म्हणून मिस्त्रीनं 32 चा ठोकला. "आता नाही पडत पाहा, दादा." खरंय, पडत नाही. वायरच जळते.

आणि हिरवी वायर? कापून, टेप गुंडाळून मागे कोंबलेली. आर्थिंगच नाही! ओव्हनच्या अंगावर उतरलेला करंट जमिनीत जायला वाटच नाही.

तेव्हा चप्पल आठवली. माझी आई जन्मात स्वयंपाकघरात पायात काही घालून गेली नाही. दिवाळीपासून मात्र निळी रबरी चप्पल घालून ओट्याशी उभी राहते. ओव्हनच्या दाराला ओला हात लागला की मुंग्या येतात, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. मी हसलो. "माय, बीपीची गोळी घेतली काय?" तिनं विषय पुन्हा काढला नाही. चप्पल घेतली.

स्वयंपाकघर नवं करताना टाइल्ससाठी आम्ही यवतमाळच्या तीन चकरा मारल्या. कपाटांच्या रंगावरून घरात आठवडाभर अबोला होता. वायर किती एमएमची, हे एकानंही विचारलं नाही.

आता कोणी म्हणेल, खेड्यात ओव्हन कशाला? बरं बाप्पा, रोडगे गोवऱ्यांवरच चांगले होतात, मान्य. पण फ्रिज, मिक्सर, गिझर तर तुमच्याही घरी आहेत ना? तिथली हिरवी वायर पाहिली कधी?

मिस्त्रीला शिव्या घालायला फोन उचलला होता. पण हाच पोरगा, हरभरा सुकत होता तेव्हा रात्री दोन वाजता आमच्या विहिरीवर मोटर उघडून बसला होता. मोटरचं स्टार्टर तो झोपेत जोडेल. हॉब त्यानं आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिला. आणि खरं सांगू? त्यानं विचारलं होतं, "दादा, डीबीतून, त्या मेन डब्यातून, दोन वायरी वेगळ्या ओढू काय?" मीच म्हटलं, टाइल्स लागल्या आता, फोडू नको. त्या टाइल्सपायी आईला सहा महिने चप्पल घालावी लागली.

उद्या फोडतोय. दोघांना वेगवेगळी 4 एमएम, ज्याचा त्याचा 20 चा एमसीबी, वर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, अन् स्विच बाजूला, हात पोचेल असे. मागच्या अंगणात आर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ घालून. मे महिन्यात काळी माती भेगाळली की त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम माझं. मंजूर भार वाढवायचा अर्जही भरून ठेवलाय.

केक मधे कच्चाच राहिला. पुतण्यानं कडा खाल्ल्या.

आई आत पोळ्या करून राहिली, गॅसवर. "आता मेन बंद आहे, काढ ती चप्पल," म्हटलं. म्हणे, "राहू दे."