बॉन्ड रडला तर तुमचं काय गेलं?

आज सकाळी अमळनेरला स्टँडबाहेर चहा घेत उभा होतो. शेजारी तीन-चार पोरं नव्या जेम्स बॉन्डबद्दल बोलत होती. सगळी सूत्रं ॲमेझॉनकडे गेलीत, देनी व्हिलनव्ह दिग्दर्शन करणार, हिरो कोण घेतील वगैरे. ऐकून बरं वाटलं. तेवढ्यात एक जण म्हणाला, "कोनले बी ल्या, पन मर्द ल्या. तो क्रेग काय बॉन्ड व्हता? बाईमांगे रडी रडी मरी गया!" क्रेग म्हणजे डॅनियल क्रेग, 2006 ते 2021 च्या सिनेमांतला बॉन्ड. सगळे खो खो हसले.

चहा तसाच ठेवून निघालो. डोकं अजून तापलेलं आहे.

अरे, 2002 चा बॉन्ड आठवा. दिसेनाशी होणारी गाडी! त्याच्या आधीच्या सिनेमात तर बोटीसकट पाण्याखाली गेला तरी साहेब टाय नीट करतात. आजूबाजूला माणसं मरताहेत आणि याच्या कोटाची इस्त्री मोडत नाही. पुढच्या सीनला नवी बाई, हातात नवा ग्लास. हा तुमचा मर्द?

2006 ला 'कसिनो रॉयल' आला. क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हाही लोकांनी त्याच्या सोनेरी केसांवरून केवढा तमाशा केला होता. आणि सिनेमा सुरू होतो तोच ब्लॅक अँड व्हाइट. बॉन्डचा पहिला खून बाथरूममध्ये, झटापट करत, धापा टाकत, समोरच्याचं डोकं बेसिनमध्ये दाबून. मारणं किती घाण काम आहे ते सुरुवातीलाच कळतं.

आणि तो शॉवरचा सीन. जिन्यात बॉन्डनं दोघांना मारलेलं, पुढे जिच्यावर त्याचं प्रेम बसतं त्या व्हेस्परनं ते डोळ्यांसमोर पाहिलेलं. नंतर ती कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली सापडते. बॉन्ड काही समजावत नाही. शर्टासकट तिच्याशेजारी बसतो, पाणी जरा गरम करतो.

हे मी सिनेमाच्या कितीतरी आधी घरात पाहिलंय. नाना सावदा-रावेरची केळी भरून दिल्लीला ट्रक न्यायचे. एका रात्री अपघात झाला, त्यात क्लीनर गेला. पोरगाच होता, आमच्याकडे जेवायला असायचा. नानांची चूक नव्हती. पण घरी आले ते थेट मोरीत जाऊन बसले. अंगावर पाणी ओतत राहिले, उठेनात. शेवटी आई आत गेली आणि साडीसकट त्यांच्याजवळ ओल्या फरशीवर बसली. मी दाराआडून बघत होतो. बाहेर ओट्यावर माणसं म्हणत होती, ड्रायव्हरनं इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं.

तेच ओट्यावरचे लोक आज मला चहाच्या टपरीवर भेटले!

बरं, 'क्वांटम ऑफ सोलेस' विस्कळीत होता, मान्य. 'स्पेक्टर'मध्ये खलनायकाला बॉन्डच्या लहानपणाशी जोडणं मलाही पटलं नाही. आणि बॉन्ड आधी कधी दुखावलाच नव्हता असंही नाही. 1969 च्या सिनेमात लग्न होताच त्याची बायको मारली जाते, तो तिला धरून बसतो. पण 1971 चा सिनेमा येईपर्यंत गडी पुन्हा मजेत.

क्रेगचा बॉन्ड विसरत नाही. 2006 ला मेलेल्या व्हेस्परच्या कबरीवर तो 2021 च्या सिनेमात जातो. नाना दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या क्लीनर पोराच्या आईकडे जायचे. थोडा वेळ बसायचे, फार बोलायचे नाहीत. ट्रक त्यांनी पुन्हा चालवला, घर चालवायचं होतं. त्यांना कोणी नामर्द म्हणून दाखवावं माझ्यासमोर.

त्या पोरांचा राग आता तेवढा नाही. त्यांचं वय आहे, धडाधड गोळ्या आवडणारच. मलाही आवडतात. 'कसिनो रॉयल'मधला मादागास्करचा तो पाठलाग, पुढचा माणूस फटीतून अलगद निसटतो आणि बॉन्ड सरळ भिंत फोडून येतो, तो मी आजही मागे घेऊन घेऊन बघतो. पण मजा यायला हिरो दगडाचाच हवा, हे कोणी शिकवलं तुम्हाला?

व्हिलनव्हसाहेबांनी हवा तो नट घ्यावा. केस काळे असोत, सोनेरी असोत, मला फरक पडत नाही. पण त्यानं एखाद्याला मारलं, किंवा त्याच्यामुळे कोणी मेलं, तर ते पुढच्या सिनेमात त्याच्या लक्षात असलं पाहिजे. पुन्हा तो टाय नीट करणारा साहेब आणणार असाल तर मी तिकीट काढणार नाही.