ओला दीपस्तंभ

आमच्या घरात गेले सव्वीस दिवस एक दीपस्तंभ ओला आहे. आधी तो फ्रिजवर होता, तिथून कपाटावर गेला, पाहुणे आले म्हणून दोन दिवस गॅलरीत राहिला आणि पावसाची झड यायला लागली म्हणून परत आत आला. सध्या तो आईच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात खुंटीवर आहे. त्या बोळातून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतं, तेही अंग चोरून.

रिटायर झाल्यावर साताऱ्यातली माणसं पहाटे उठून अजिंक्यतारा चढतात. मी तैलरंग आणले आणि समुद्रातलं एक दीपगृह रंगवायला घेतलं. माझ्या गुडघ्यांनी या निर्णयाचं स्वागत केलं. घरात मात्र तसं काही झालं नाही.

"समुद्र कशाला? समोर किल्ला आहे की. हलत नाही, बोलत नाही, रंगव त्याला," असं आमच्या कट्ट्याचं म्हणणं पडलं. पण त्यात मोठा धोका आहे. अजिंक्यतारा साताऱ्यात सगळ्यांना पाठ. एक बुरूज बोटभर सरकला तर सकाळी दूध घालायला येणारा पोरगाही दारातूनच चूक काढील. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह आमच्या कॉलनीत मी सोडून कुणीही पाहिलेलं नाही. चित्रकाराला एवढं संरक्षण हवंच.

आणि साताऱ्याचा समुद्राशी संबंध नाही असं कोण म्हणतं? खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून किल्ला बांधायला घेतला. पुढे १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं आणि कान्होजी साताऱ्याच्या गादीचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. १८६७ साली इंग्रजांनी त्याच बेटावर दीपगृह उभारलं, आणि आता बेटाला नाव आहे ते कान्होजींचं. हे सगळं मी हिला उभ्या उभ्या सांगितलं. ती म्हणाली, "कान्होजी आले तर त्यांना बसवीन मी. पण हे चित्र सोफ्यावर ठेवायचं नाही."

थळच्या किनाऱ्यावरून होडीने खांदेरीला गेलो होतो. होडी डुलत होती, मी डुलत होतो, त्यामुळे फोटोही डुलले. चाळीस फोटोंत क्षितिज एकदाही आडवं नाही. रंगवताना मी समुद्र तेवढा सरळ करून घेतला आणि दीपगृह फोटोत होतं तसंच ठेवलं. ही चूक माझ्या लक्षात आली तेव्हा तीन हात रंग चढला होता.

त्यातून ते दीपगृह अष्टकोनी. लांबून गोल वाटतं, चितारायला बसलं की कोन टोचायला लागतात. समोरून तीन भिंती दिसतात, तिन्ही पांढऱ्या, आणि तिन्हींचा पांढरा वेगळा. उन्हाकडच्या भिंतीसाठी पांढऱ्यात मोहरीच्या दाण्याएवढा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा घालायचा. सावलीच्या भिंतीसाठी अल्ट्रामरीन निळा आणि त्याला किंचित बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. किंचित म्हणजे किती, ते हिच्या हातच्या मिठासारखं आहे, विचारलं की बिघडतं. मी पहिल्या दिवशी अंबर दाण्याऐवजी वाटाण्याएवढा घेतला आणि सावलीची भिंत शेणाने सारवल्यासारखी झाली. मग ती झाकायला पांढरा. पांढऱ्यावर पुन्हा पांढरा. पॅलेट नाइफने, भाकरीवर लोणी थापावं तसा.

हे चित्र पहिल्यांदा बाहेरच्या माणसाने पाहिलं ते कोरेगावच्या तात्यांनी. जमिनीच्या दाव्याची तारीख असली की तात्या आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला येतात. त्यांनी चष्मा पुसला, चित्र न्याहाळलं आणि विचारलं, "ह्ये कंच्या कारखान्याचं धुराडं?"

"दीपगृह आहे तात्या. समुद्रातलं."

"आसंल. पर धूर कुटं हाय? गाळप बंद झालं वाटतं."

समोरच्या विंगेतल्या मुलाला ते रॉकेट वाटलं. एका मित्राने चाळकेवाडीची पवनचक्की ओळखली आणि पाती राहिल्याचं मला हळूच, वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगितलं.

पण माणसांचं सोडा. खरा छळ वाळण्याचा. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि विषय संपतो. तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू सावकाश ओढून घेत घट्ट होत जातं, आणि प्रत्येक रंगाची चाल निराळी. बर्न्ट अंबर दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. टायटॅनियम पांढरा मात्र रेंगाळतो. पांढरा रंग बरेचदा जवसाऐवजी करडईच्या तेलात घोटलेला असतो, कारण जवसाचं तेल पुढे पिवळं पडतं. आणि करडईचं तेल वाळायला जवसापेक्षाही आळशी. लहानपणी मी करडईच्या तेलातलं पिठलं बघून ताटावरून उठायचो, त्याचं हे उट्टं असणार. त्यात आषाढ. ऊन नाही, हवा गार, आणि अख्खं चित्र पांढरं. मी कोळशाची वखार चितारायला घेतली असती तरी फारसा फरक पडला नसता म्हणा, काळा रंगही मेला तसाच रेंगाळतो.

"पलंगाखाली सरकवा ना," ही म्हणाली. मी सांगितलं की तैलचित्र अंधारात ठेवलं तर पिवळं पडतं. "पडू दे. बघायला कोण येतंय?"

औंधच्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची अस्सल तैलचित्रं आहेत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते संग्रहालय उभं केलं. राजेसाहेब स्वतः चित्रकार. पूर्वी गेलो की मी चित्रांतल्या साड्यांची चमक बघत उभा राहायचो. परवा गेलो तेव्हा डोक्यात एकच विचार, ही चित्रं ओली असताना ठेवत कुठे असतील? राजेरजवाड्यांचं बरं होतं. बोळ रुंद.

खरं तर दीपगृहाचं काम काय, तर जवळ येऊ नका म्हणून सांगणं. खांदेरीच्या दिव्याने दीडशे वर्षं जहाजांना खडकांपासून लांब ठेवलं. आमच्या बोळात त्याला चार माणसं लांब ठेवता येत नाहीत. मुलाच्या ऑफिसच्या शर्टाचं कोपर उन्हाकडच्या भिंतीला लागलं. आईच्या पदराने समुद्राचा तुकडा नेला. एक डास क्षितिजावर उतरला तो तिथेच आहे, लांबून मचव्यासारखा दिसतो म्हणून मी त्याला राहू दिलं. आणि दर अपघातानंतर मी तेवढा भाग पुन्हा रंगवतो, म्हणजे पुन्हा ओला. सव्वीस दिवसांचं गणित हे असं आहे.

शेवटी चौकटीवर चिठ्ठी लावली: 'रंग ओला आहे'. ती वाचायला आई जवळ गेली. चष्मा नव्हता, म्हणून अगदी जवळ गेली. नाकाच्या शेंड्यावरचा टायटॅनियम पांढरा खोबरेल लावून काढावा लागला. त्या गडबडीत टर्पेंटाइनची बाटली आईच्या हाती आली. तिने हुंगून पाहिली. "अरे, हा तर मालिशच्या औषधाचा वास!" तेव्हापासून बाटली आपोआप उतरते आहे आणि आईचा गुडघा, नाइलाजाने सांगतो, बरा आहे.

फडक्यांची कथा वेगळीच. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकायची नसतात. तेल प्राणवायू ओढताना तापतं आणि तो बोळा आपला आपण पेटूही शकतो. म्हणून मी ती एकेक पसरून गॅलरीतल्या दोरीवर टाकतो. चित्रातलं आकाश सूर्यास्ताचं असल्यामुळे फडकी लालभडक. समोरच्या काकूंनी हिला दोनदा विचारलं, "घरात कुणाला फार लागलंय का हो?"

राहता राहिला रात्रीचा प्रश्न. बोळातला दिवा आईला डोळ्यांवर येतो, आणि अंधारात चित्र दिसत नाही. मुलाने गेल्या वर्षीच्या गणपतीच्या आराशीतली माळ काढून चौकटीभोवती बांधली. लुकलुकणारीच तेवढी शिल्लक होती. मला उलट आनंद झाला. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते. किती सेकंदांनी किती वेळा चमकलं ते मोजून खलाशी कुठलं दीपगृह ते ओळखतात. आमची माळ दोनदा लाल, एकदा हिरवी आणि मग बराच वेळ काहीच नाही.

त्या काहीच नाहीमध्ये काल रात्री तात्या पाणी प्यायला उठले.

सकाळी ते पाठमोरे बसून दात घासत होते. बंडीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, खांदेरीची सावलीतली भिंत उठली होती, वरच्या सज्जासकट. माझ्या चित्रात तिरपं आलेलं दीपगृह तात्यांच्या पाठीवर ओळंब्यात होतं. हिने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आईने तात्यांपुढे चहा ठेवला. त्यांनी बंडीवर इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला, टोपी घातली आणि "येतू" म्हणून कोर्टाकडे निघाले.

मी सावलीची भिंत परत लावायला घेतली आहे. या वेळी पातळ.