‘रक्ताशिवाय क्षमा नाही’ : अर्धं वाक्य उचलून केलेला दावा

सध्या एक मजकूर सगळीकडे पुढे ढकलला जातोय. म्हणे, जेरुसलेमच्या मंदिरात यहुदी याजक जनावरं कापून रक्त लोकांवर उडवत, कारण त्यांच्या देवाला रक्त लागे आणि रक्ताशिवाय पापाची क्षमाच नव्हती.

कापण्यापासून सुरुवात करू. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 1:5 या ओवीवर अकराव्या शतकातले भाष्यकार राशी (मेष-वृषभवाली नव्हे!) स्पष्ट सांगतात : याजकाचं काम रक्त पात्रात धरण्यापासून सुरू होतं, कापणारा कोणीही चालतो. मिश्नेत, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, तर बाईने कापलेला बळीही ग्राह्य आहे.

रक्त पडायचं ते वेदीवर, तेही हिशेबाने. वेदीच्या मध्यावर तांबडी रेघ असे. होमबलीचं, म्हणजे सबंध जाळायच्या बळीचं, रक्त रेघेखाली, ईशान्य आणि नैऋत्य कोपऱ्यांवर. दोनच फेकी, पण चारही बाजू भिजाव्यात अशा. जनावराच्या पापबलीचं रक्त रेघेच्या वर, वेदीच्या कोपऱ्यांवरच्या चारही शिंगांना बोटाने लावलेलं. सीनाय डोंगरापाशी मोशेने लोकांवर रक्त शिंपडलं, हे बायबलच्या निर्गम 24:8 मध्ये आहे खरं. पण ते एकदाच, करार करताना. आणि ओंकेलोसने केलेल्या जुन्या अरामी भाषांतरात तर ते रक्तही वेदीवरच पडतं, ‘लोकांच्या प्रायश्चित्तासाठी’.

देवाची तहान? ‘मी बकऱ्यांचं रक्त पितो काय?’ असं बायबलच्या 50व्या स्तोत्रात देवच विचारतो. बाराव्या शतकातला यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस याच्या मते भुताखेतांशी सख्य जोडायला रक्ताभोवती बसून जेवायची मूर्तिपूजकांची चाल मोडण्यासाठीच रक्त खाणं निषिद्ध झालं आणि ते वेदीवर शिंपडलं गेलं. तेराव्या शतकातला भाष्यकार नाखमानिडीस याने बळींबद्दलची त्याची ही सगळी उपपत्तीच झोडपली. तो म्हणतो, देणाऱ्याच्या मनात यावं की खरं तर रक्त माझं सांडायला हवं होतं. मला नाखमानिडीसचं जास्त पटतं. भुकेला देव मात्र दोघांकडेही नाही.

आता क्षमेचं. ‘रक्ताशिवाय प्रायश्चित्त नाही’ हे वाक्य तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या रब्बींच्या चर्चेत, आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तिथला प्रश्न वेगळा आहे : बळीवर हात ठेवणं, तो ओवाळणं, उरलेलं रक्त ओतणं, यातलं काय चुकलं तर विधी फुकट जातो? उत्तर : रक्त वेदीला लागायलाच हवं. सहीशिवाय चेक वटत नाही, म्हणून चेकशिवाय पैसेच देता येत नाहीत असं कोणी म्हणतं का? लेवीय 5:11 मध्ये ज्याला दोन कबुतरंही परवडत नाहीत, त्याने एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा हिस्सा सपीठ आणावं. तेल नाही, धूप नाही. दोनच ओव्यांनंतर त्याला क्षमा मिळते. रक्ताचा थेंब नाही.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं. ते भग्नावशेष पाहून हळहळणाऱ्या रब्बी यहोशुआला त्याचा गुरू योहानान बेन झक्काईने सांगितलं की प्रायश्चित्ताचा तितकाच मोठा मार्ग आपल्याकडे उरलाय : दयेची कृत्यं. त्याने आधार दिला बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याचा, ‘मला यज्ञ नको, दया हवी’. कुठलं रक्त वेदीवर कुठे लावायचं, हे सांगणारा मिश्नेतला अध्याय यहुदी सकाळच्या प्रार्थनेत आजही वाचतात. नुसता वाचतात.